अलास्का क्रूझ, सोबत आई-बाबा आणि कोविडचे नियम: बुकिंग करावं का?

केतकी_बेलव्ह्यू | २० मे २०२२

नमस्कार मंडळी,

आम्ही सिॲटलशेजारी बेलव्ह्यूला राहतो. सिॲटलहून रविवारी २८ ऑगस्टला निघून रविवारी ४ सप्टेंबरला परतणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ बघतो आहोत. जुनो, स्कॅगवे, केचिकन आणि येताना शनिवारी संध्याकाळी कॅनडातलं व्हिक्टोरिया. आम्ही दोघं, ९ आणि ४ वर्षांची मुलं, आणि पुण्याहून येणारे आई-बाबा असे सहा जण. बाबा ७२ वर्षांचे, बीपी आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू. आई ६८, तिला मधुमेह आहे. बाबांनी कोव्हॅक्सिन घेतली आहे, आईने कोविशील्ड, दोघांचे दोन-दोन डोस. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा दोघांकडे आहे. आमच्याकडे ग्रीन कार्ड, मुलं इथली नागरिक. मोठ्याचे दोन्ही डोस झालेत, धाकटीला अजून लस नाही.

विचारायचं ते असं. चाचणी आणि लसीचे नियम नक्की काय आहेत? जहाजावर कुणी पॉझिटिव्ह निघालं तर पुढे काय होतं? विमा कुठला घ्यायचा? बाल्कनीच्या खोलीला जास्त पैसे मोजावेत का? शिवाय आई-बाबांचं परतीचं तिकीट ७ सप्टेंबरचं स्वस्त मिळतंय, ते काढून ठेवू का?

---

सागरमार्ग | २० मे २०२२

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं गणित त्यावरच उभं आहे. ७ सप्टेंबरचं तिकीट काढू नका.

सध्या क्रूझ आखायची तर उलट्या बाजूने आखावी लागते. प्रवासातला एकेक दिवस घ्या आणि विचारा: या दिवशी आपल्यातलं कुणी पॉझिटिव्ह निघालं तर ते माणूस पुढचे दहा दिवस कुठे राहील, कुणाबरोबर राहील आणि खर्च कोण देईल? ज्या दिवसाचं उत्तर मिळत नाही, तिथे आराखडा चुकलेला आहे.

तुमचंच उदाहरण. निघायच्या आदल्या दिवशी निघालं तर तुम्ही घरीच आहात. मधल्या दिवसांत निघालं तर जहाजावरच्या विलगीकरणाच्या खोलीत राहायचं आणि रविवारी सिॲटलला उतरून आपल्या गाडीने घरी जायचं. सगळ्यात जास्त शक्यता मात्र तिसरीच असते. शेवटच्या दोन दिवसांत लागण होते आणि लक्षणं घरी आल्यावर दिसतात. ओमायक्रॉनमध्ये लागण ते लक्षणं हे अंतर साधारण तीन दिवसांचं असतं, म्हणजे ६ किंवा ७ सप्टेंबर. तिथून पाच दिवस वेगळं राहणं आणि पुढचे पाच दिवस मास्क, हा सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा) आत्ताचा नियम. त्यात बहात्तरीच्या माणसाला वीस-बावीस तासांच्या विमानप्रवासाआधी थोडी ताकद यायला हवी. म्हणून परतीचं तिकीट २० सप्टेंबरनंतरचं, आणि तारीख बदलता येईल असं घ्या. भारतात परतताना ‘एअर सुविधा’ या सरकारी संकेतस्थळावरचा फॉर्म आणि लसीचं प्रमाणपत्र लागेल, हेही लक्षात असू द्या.

याच कारणासाठी तुम्ही निवडलेला मार्ग चांगला आहे. व्हँकूव्हरहून सुटणारी किंवा तिथे संपणारी क्रूझ घेतली असती तर पॉझिटिव्ह माणूस कॅनडात अडकला असता. तिथे बाहेरून आलेल्या बाधित प्रवाशाला दहा दिवस विलगीकरण आहे, आणि अमेरिकेत विमानाने परतायला आत्ताच्या घडीला एक दिवस आधीची निगेटिव्ह चाचणी लागते. अलास्कातच व्हिटियर किंवा सुअर्डला संपणाऱ्या एकेरी फेरीत अँकरेजहून विमान पकडावं लागतं, म्हणजे अडचण तीच. गाडीने घरी जाता येईल असं बंदर ही यंदाची सगळ्यात मोठी सोय आहे. स्वस्त भाडं बघून ती सोडू नका.

जहाजावर काय होतं ते सांगतो. ताप, खोकला, घसा, काहीही जाणवलं तर खोलीतूनच वैद्यकीय केंद्राला फोन करायचा, चालत जायचं नाही. चाचणी खोलीत येऊन करतात. पॉझिटिव्ह आलं तर बहुतेक जहाजांवर त्या माणसाला विलगीकरणासाठी राखून ठेवलेल्या खोल्यांच्या पट्ट्यात हलवतात. तुम्ही पैसे दिलेली बाल्कनी मागे राहते आणि मिळणारी खोली खिडकीचीच असेल असंही नाही. म्हणजे विलगीकरणासाठी म्हणून बाल्कनी घेत असाल तर तो हिशेब चुकतो. अलास्कात हिमनद्या बघायला बाल्कनी घ्या, ते पैसे वसूल होतात. बाल्कनीचा दुसराही उपयोग आहे: थंडी असली की लोक आतल्या कॅफेत गर्दी करतात, अशा वेळी चहा आपल्या बाल्कनीत घेता येतो.

खोल्यांची वाटणी हा खरा मुद्दा. त्याच खोलीतल्या बाकीच्यांची चाचणी होते आणि त्यांच्यावरही बंधनं येतात. तेव्हा आई-बाबांना स्वतंत्र खोली द्या आणि धाकटीला त्यांच्याकडे झोपवू नका. लस नसलेलं तेच एक माणूस तुमच्यात आहे. तुम्हा चौघांची एक खोली असेल तर आधीच ठरवून ठेवा, मूल पॉझिटिव्ह निघालं तर त्याच्याबरोबर कोण जाणार आणि दुसऱ्याला कोण सांभाळणार. आजी-आजोबांकडे पाठवू, हे उत्तर चालणार नाही.

सगळं जहाजच अडकवून ठेवण्याचे दिवस आता गेले आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाला डायमंड प्रिन्सेस या क्रूझ जहाजावर ३,७११ माणसं होती. प्रवाशांना खोल्यांत कोंडलं, पण कर्मचारी जेवण पोचवत फिरत होते आणि एकत्र राहत होते. शेवटी ७१२ जणांना लागण झाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यातले १३२ कर्मचारी. आता बाधितांना बाजूला काढून फेरी पुढे चालू राहते. तरीही बंदराच्या प्रशासनाचा शब्द शेवटचा असतो. यंदाच्याच जानेवारीत मुंबई–गोवा क्रूझवर दोनेक हजार माणसांत ६६ जण बाधित निघाले आणि जहाज मुरगावहून प्रवाशांसह मुंबईला परतलं. कुठलंही एखादं बंदर गळू शकतं, हे धरूनच तिकीट काढा. बंदर गळलं तर त्या बंदराचं शुल्क परत मिळतं, भाडं मिळत नाही.

सीडीसीच्या पानावर जहाजांना हिरवा, पिवळा, नारिंगी असे रंग दिलेले असतात. त्यावरून बुकिंग ठरवू नका. तो रंग गेल्या सात दिवसांचा असतो आणि दर रविवारी जहाजावर नवी माणसं चढतात.

---

कागदपत्र_काका | २१ मे २०२२

केतकीताई, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलीच नाही आणि सगळा बेत तिथेच अडेल. आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागेल.

व्हिक्टोरियाला जहाजातून उतरणार नाही म्हटलं तरी लागतो. भारतीय पासपोर्टवर फक्त अमेरिकेचा व्हिसा असेल तर सिॲटलच्या धक्क्यावरच परत पाठवतात, आणि तो पैसा कुठलाही विमा देत नाही. तुम्हा दोघांना व्हिसा नको, वैध पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड बरोबर ठेवा. मुलांचे अमेरिकेचे पासपोर्ट.

व्हिक्टोरिया टाळता येईल का, असं बरेच जण विचारतात. नाही येत. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून निघून फक्त अमेरिकेचीच बंदरं करून परत येता येत नाही, मध्ये एक परदेशी बंदर लागतंच. १८८६ चा कायदा आहे तो. २०२१ मध्ये कॅनडाने क्रूझ बंद ठेवल्या तेव्हा अमेरिकेने खास कायदा करून अलास्कापुरती सूट दिली होती. यंदा ती नाही.

व्हिसाचा खर्च माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५. दोघांनी एकत्र अर्ज केला तर बायोमेट्रिकचे मिळून १७०. अर्ज ऑनलाइन, ठसे द्यायला पुण्यातच व्हीएफएसचं (व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीचं) केंद्र आहे. वेळ मात्र यंदा महिन्यांत मोजा, आठवड्यांत नाही. मंजुरी आल्यावर शिक्का मारायला पासपोर्ट जमा करावा लागतो, म्हणजे विमानात बसण्याआधी पासपोर्ट हातात परत यायला हवा. अर्ज आजच भरा. क्रूझची तात्पुरती नोंदणी, तुमच्या ग्रीन कार्डांच्या प्रती, तुमचं निमंत्रणपत्र, बाबांच्या पेन्शनचे आणि बँकेचे कागद जोडा.

आता पैशांची तारीख बघा. बऱ्याच कंपन्यांत पूर्ण रक्कम भरायची मुदत निघायच्या ९० दिवस आधी असते. २८ ऑगस्टच्या ९० दिवस आधी म्हणजे ३० मे, म्हणजे आजपासून नऊ दिवस. तोवर व्हिसा येणार नाही. तेव्हा आई-बाबांच्या खोलीचे पैसे आत्ता भरू नका. रद्द केल्यावर किती कापतात तो तक्ता कंपनीकडून लेखी मागवा. यंदा जहाजं पूर्ण भरून जात नाहीत, व्हिसा आल्यावर त्याच फेरीत खोली मिळायची चांगली शक्यता आहे, थोडं भाडं जास्त पडेल इतकंच. शेजारची खोली मिळाली नाही तरी बिघडत नाही.

विम्याचं. तुम्हा चौघांसाठी इथला ट्रिप इन्शुरन्स. त्यात ‘कुठल्याही कारणाने रद्द’ हे कलम हवं असेल तर पहिली रक्कम भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत पॉलिसी घ्यावी लागते, परत न मिळणाऱ्या पूर्ण खर्चाचा विमा काढावा लागतो आणि निघायच्या किमान ४८ तास आधी रद्द करावं लागतं. एवढं करून ५० ते ७५ टक्के मिळतात. साध्या पॉलिसीत ‘कोविडची भीती वाटते’ किंवा ‘व्हिसा आला नाही’ ही कारणं चालत नाहीत. प्रत्यक्ष आजारी पडलात तर चालतं, पण डॉक्टरांचं पत्र किंवा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. घरी केलेल्या चाचणीच्या पट्टीचा फोटो पाठवून दावा मंजूर होत नाही.

आई-बाबा इथले रहिवासी नाहीत, त्यामुळे त्यांना यातल्या बहुतेक पॉलिसी मिळणार नाहीत. भारतातून परदेश प्रवास विमा घ्या आणि एजंटला तीन प्रश्न लेखी विचारा: जहाजावरचा उपचार धरला आहे का, कोविड धरला आहे का, आणि जहाजावरून किंवा लहान गावातून मोठ्या रुग्णालयात हलवायचा खर्च धरला आहे का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जुनोला रुग्णालय आहे पण तिथून बाहेर जायला रस्ता नाही, गंभीर रुग्णाला विमानानेच सिॲटलला न्यावं लागतं. स्कॅगवेला तर दवाखानाच आहे. जुन्या आजारांचं कलम नीट वाचा, मधुमेहामुळे वाढलेल्या त्रासाला काही पॉलिसी फक्त जीवावर बेतलं तरच पैसे देतात.

लसीचे कागद. कोव्हॅक्सिन आणि कोविशील्ड दोन्ही अमेरिकेला आणि कॅनडाला चालतात, दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस झालेले हवेत. कोविनवरून परदेश प्रवासाचं प्रमाणपत्र काढा, ज्यावर पूर्ण जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक येतो. आपल्याकडे नावाचा घोळ हमखास होतो. आधारवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, आईंच्या बाबतीत माहेरचं-सासरचंही. दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. दुरुस्ती कोविनवर होते, पण ती संधी सारखी मिळत नाही, म्हणून पासपोर्ट समोर ठेवूनच करा.

कॅनडासाठी अराइव्हकॅन ॲप. जहाजात चढायच्या आधीच्या ७२ तासांत भरायचं, म्हणजे गुरुवारी दुपारनंतर कधीही. बंदराच्या प्रश्नाला व्हिक्टोरिया द्यायचं. पावतीवर नावापुढे ए, आय किंवा व्ही यातलं अक्षर आलं म्हणजे लसीचा पुरावा स्वीकारला गेला. अक्षर नसेल तर बहुतेक वेळा अपलोड केलेला फोटो अस्पष्ट असतो, मूळ पीडीएफ टाका. छापील प्रत बरोबर ठेवा.

---

पथ्यपाणी | २२ मे २०२२

वरच्या दोघांनी मोठं काम केलंय. मी फक्त तब्येतीच्या बाजूचं लिहिते.

आधी तिसरा डोस. साठीच्या पुढच्या सगळ्यांना भारतात मार्चपासून सरकारी केंद्रावर खबरदारीचा डोस मोफत आहे, दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेले हवेत. आई-बाबांचा बाकी असेल तर जुलैच्या मध्यापर्यंत घेऊन टाका, म्हणजे ऑगस्टअखेर त्याचा जोर चांगला असेल. दोन डोसांवर जहाजात प्रवेश मिळतो हे खरं, पण सत्तरीच्या माणसाला गंभीर आजारापासून वाचवायला तिसरा हवाच. तुमच्या नऊ वर्षांच्या मुलालाही परवाच तिसरा डोस मंजूर झालाय, दुसऱ्याला पाच महिने झाले असतील तर द्या.

निघण्याआधी पुण्यातच बाबांची आणि आईंची क्रिएटिनिन चाचणी करून ईजीएफआरचा (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा) आकडा लिहून आणा. कारण पॅक्सलोविड. लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायचं कोविडवरचं औषध आहे, आणि त्याचा डोस मूत्रपिंडावर ठरतो. नेहमीचा डोस म्हणजे निरमाट्रेल्विर १५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि रिटोनाविर १०० मिलिग्रॅमची एक, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. ईजीएफआर ३० ते ६० मध्ये असेल तर निरमाट्रेल्विरची एकच गोळी. ३० च्या खाली सध्या (२०२२) देत नाहीत. जहाजावरच्या डॉक्टरला हा आकडा तयार मिळाला तर त्याचा अर्धा दिवस वाचतो.

यातलं रिटोनाविर इतर औषधांशी भांडतं. बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी सिमव्हास्टॅटिन असेल तर ती बंद करावीच लागते, ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असेल तर डॉक्टर तेवढे दिवस थांबवतात. ॲम्लोडिपिनचा परिणाम वाढतो, बीपी खाली जाऊन चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगायचं. यातलं काहीही आपल्या मनाने बंद किंवा कमी करू नका. घराच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून, औषधांची मूळ नावं आणि मिलिग्रॅम टाइप केलेला एक कागद दोघांच्या पासपोर्टमध्ये ठेवा. भारतातली ब्रँडची नावं जहाजावरच्या डॉक्टरला कळत नाहीत.

आईंसाठी एक वेगळी काळजी. मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल आणि तापात जेवण गेलं नाही, तर साखर एकदम खाली जाते. विलगीकरणात खोलीत एकटं असताना हे जास्त धोक्याचं. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि ग्लुकोजच्या गोळ्या हाताशी हव्यात, आणि न जेवता ती गोळी घ्यायची की नाही हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

औषधं फेरीपेक्षा किमान दहा दिवस जास्तीची, आणि ती मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत. चढताना बॅगा घेऊन टाकतात आणि खोलीत संध्याकाळी येतात. सोबत थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस, ऑक्सिमीटर. ऑक्सिजन बसलेलं असताना ९४ च्या खाली टिकून राहिला तर लगेच फोन. थंड बोटांवर आकडा चुकीचा कमी येतो, अलास्कात डेकवरून आल्या आल्या लावू नका. हात चोळून पाच मिनिटांनी बघा.

लागण कुठे होते? कॅरिबियनच्या क्रूझवर लोक दिवसभर उघड्या डेकवर असतात, अलास्कात नाही. बाहेर दहा-बारा अंश आणि पाऊस असतो, म्हणून सगळे आत. सगळ्यात वाईट जागा म्हणजे चढायच्या दिवशीचा हॉल, लिफ्ट, नाट्यगृह आणि सहलीच्या बस. या चार ठिकाणी एन-९५ किंवा केएफ-९४ घट्ट बसवून लावला तर जोखीम बरीच कमी होते. एप्रिलपासून अमेरिकेत विमानात मास्कची सक्ती उरलेली नाही, तेव्हा पुणे ते सिॲटल प्रवासातही आई-बाबांना लावायला सांगा. जेवायला गर्दीच्या आधी, संध्याकाळी साडेपाचला जा आणि सहा जणांचं वेगळं टेबल मागा. स्कॅगवे-जुनोला बंद बसऐवजी पायी फिरणं किंवा बोटीच्या उघड्या भागातली सहल निवडा.

---

केतकी_बेलव्ह्यू | २२ मे २०२२

व्हिसाचं माहीतच नव्हतं! अर्ज आजच सुरू केला, आणि फक्त आमच्या खोलीचे पैसे भरतोय. अजून एक. आई पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण चालतं पण अंडं नाही. विलगीकरणात जेवणाचं काय? घरून काही नेता येतं का?

---

सागरमार्ग | २३ मे २०२२

बुकिंगमध्ये आहाराची नोंद आत्ताच करून घ्या आणि चढल्या दिवशी मुख्य भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून परत सांगा. मोठ्या जहाजांवर भारतीय स्वयंपाकी बहुतेक असतातच, आधी कळलं तर डाळ-भात-भाजी रोज होते. विलगीकरणात मात्र खोलीत आणून द्यायची यादी छोटी असते, त्यात सँडविच, सूप आणि अंड्याचेच पदार्थ जास्त. म्हणून चार-पाच दिवसांचा बंद पाकिटांचा शिधा जवळ ठेवा: गरम पाण्यात होणारे पोहे-उपमा, खाकरे, चिवडा, मेतकूट. किटली नेऊ नका, आग लागण्याच्या धोक्यामुळे ती जप्त होते, इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टरही. उकळतं पाणी फोन केला की थर्मासमधून देतात. फळं, ताजी भाजी, डब्यातलं शिजवलेलं अन्न नेऊ नका, आणि जहाजावरचं काहीही बंदरावर उतरवू नका. तिथे कृषी तपासणी कडक असते.

---

कागदपत्र_काका | १३ जून २०२२

बदल: अमेरिकेत विमानाने येताना लागणारी एक दिवस आधीची चाचणी कालपासून, १२ जूनपासून, रद्द झाली. म्हणजे आई-बाबांना मुंबईहून निघताना चाचणी नको. परदेशी नागरिकांना लसीचा पुरावा अजून लागतोच, प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत ठेवा. जहाजात चढायच्या चाचणीशी या बदलाचा काही संबंध नाही, ती आहे तशीच आहे.

---

पथ्यपाणी | २१ जून २०२२

धाकटीसाठी चांगली बातमी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना लस १८ जूनला खुली झाली. तुमच्या तारखेपुरता फरक असा: मॉडर्नाचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने. या शनिवारी, २५ जूनला पहिला दिला तर दुसरा २३ जुलैला, आणि ६ ऑगस्टला १४ दिवस पूर्ण. फायझरचे या वयात तीन डोस आहेत, पहिला-दुसरा तीन आठवड्यांनी आणि तिसरा त्यानंतर किमान आठ आठवड्यांनी, म्हणजे सप्टेंबर उजाडेल. दोन्ही लसी चांगल्या, पण २८ ऑगस्टच्या आत पूर्ण होते ती मॉडर्ना. मॉडर्नाने ताप थोडा जास्त वेळा येतो, दुसरा दिवस मोकळा ठेवा.

---

कागदपत्र_काका | १९ जुलै २०२२

सीडीसीने क्रूझ जहाजांसाठीचा कोविड कार्यक्रम काल बंद केला. रंगांचं पान गेलं, यापुढे प्रत्येक कंपनी आपले नियम ठरवेल. चाचणी संपली असं मात्र समजू नका. तुमची फेरी कॅनडाला लागते आणि कॅनडाची लसीची, चढण्याआधीच्या चाचणीची आणि अराइव्हकॅनची अट कायम आहे. कंपन्यांच्या सवलतीच्या पत्रांत कॅनडाचा अपवाद बारीक अक्षरात असतो, तो वाचा. लहान मुलांच्या चाचणीचं वय कॅनडाचं पाच आहे, काही कंपन्यांचं दोन. जो नियम कडक तो पाळायचा.

आणखी एक बदल: भारतात खबरदारीच्या डोसचं अंतर ६ जुलैपासून नऊवरून सहा महिन्यांवर आलंय. नऊ महिन्यांसाठी थांबला असाल तर आता थांबू नका.

---

केतकी_बेलव्ह्यू | ९ ऑगस्ट २०२२

दोघांचे व्हिसा आले, खोलीही मिळाली. चढण्याआधीची चाचणी घरी व्हिडिओवर करायची ठरवतोय. सहा जणांची कशी करतात? शनिवारी की रविवारी?

---

पथ्यपाणी | ९ ऑगस्ट २०२२

शनिवारी सकाळी. अँटिजनची मुदत प्रत्येक कंपनीच्या पत्रात वेगळी लिहिलेली असते, पण आदल्या दिवशीची चाचणी सगळीकडे बसते. रविवारी सकाळी करू नका, काही बिनसलं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.

सरकारने टपालाने पाठवलेले मोफत संच यासाठी चालत नाहीत. व्हिडिओवर देखरेखीसह होणारा संच वेगळा मिळतो, सहा जणांचे सहा आणि वर दोन जास्तीचे आणा. प्रत्येकाचं खातं शुक्रवारीच उघडून ठेवा, नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे. आई-बाबांच्या खात्यात नाव उलटसुलट झालं तर अहवाल धक्क्यावर चालत नाही. संच आधी उघडायचा नाही, देखरेख करणारा सांगेल तेव्हा त्याच्यासमोरच उघडायचा. आधी उघडलेला बाद होतो. कॅमेऱ्यात चेहरा आणि टेबल दोन्ही दिसायला हवेत, फोनपेक्षा लॅपटॉप बरा. काडी दोन्ही नाकपुड्यांत फिरवायची, पट्टी मिटल्यावर पंधरा मिनिटं ती सपाट आणि कॅमेऱ्यासमोरच राहिली पाहिजे. मुलं हात लावतात, तेव्हा धाकटीची चाचणी सगळ्यात शेवटी घ्या. शनिवारी या सेवेवर रांग असते, सकाळी सातला बसलात तर सहा जणांचं दहापर्यंत आटोपेल.

मोफत संच मात्र फेकू नका. गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी सगळ्यांची साधी चाचणी त्यावर करा. शुक्रवारी सकाळी कळलं तर विम्याचे ४८ तास अजून हातात असतात आणि कंपनीलाही वेळेत कळवता येतं. त्यात कुणी पॉझिटिव्ह आलं तर त्याच दिवशी प्रयोगशाळेत पीसीआर करून घ्या. विम्याला तोच अहवाल लागतो. शिवाय कॅनडा बरं झाल्याचा पुरावा म्हणून १० ते १८० दिवसांपूर्वीचा पॉझिटिव्ह अहवाल मानतं, पण तो पीसीआरसारख्या चाचणीचाच हवा, अँटिजनचा नाही. त्या कागदावर सप्टेंबरच्या शेवटच्या फेरीत जागा मिळाली तर पुन्हा चाचणीत अडकायला होत नाही.